टोचन

शनिवार सकाळ. बायको मुलाला पोहायला घेऊन गेलीय, अण्णा खाली वॉचमनशी गप्पा मारतायत आणि मी चहाचा दुसरा कप घेऊन बसलोय. आज एका शब्दाबद्दल लिहायचंय. ऑफिसच्या एका मेलपायी तो बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

शब्द आहे 'टो'. पायाचं बोट ते टो नव्हे, टी-ओ-डब्ल्यू वाला टो. गाडी ओढून नेणे. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्या माणसाला हा शब्द डिक्शनरीत बघावा लागत नाही, तो लक्ष्मी रोडच्या एखाद्या गल्लीत फुकट शिकवला जातो. तुम्ही पाच मिनिटांसाठी म्हणून दुकानात शिरता, वीस मिनिटांनी बाहेर येता, आणि जिथे गाडी होती तिथे नुसता रस्ता असतो. पोटात गोळा येतो, चोरीला गेली! मग समोरचा रसवाला, तुम्ही काही विचारायच्या आत, अगदी शांतपणे सांगतो, "उचलली." त्या एका शब्दात दंड, रिक्षा, चौकी आणि अर्धा दिवस, सगळं आलं.

(कीस काढायचाच तर हे 'टो' नव्हेच. टो केलेली वस्तू जमिनीवरून किंवा पाण्यावरून आपल्या मागे मागे यायला हवी. आपली दुचाकी तर पोत्यासारखी उचलून ट्रकवर चढवतात. पण कायद्यातसुद्धा शब्द 'टोइंग' असाच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२७ वं कलम. गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारशी सोडली, किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावली, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती टोइंग सर्व्हिसकडून हलवायला सांगू शकतो. ओढून नेण्याचा खर्च गाडीमालकाच्या माथी, दंड वेगळा. म्हणजे आपली गाडी आपल्याला न विचारता न्यायची आणि भाडंही आपणच भरायचं. असो.)

तर शहरात टो म्हणजे शिक्षा. पण मला हा शब्द लहानपणी भेटला तो अगदी वेगळ्या वेशात, आणि तेव्हा तो इंग्रजी आहे हेही माहीत नव्हतं.

अण्णा एस्टीत मेकॅनिक होते, साताऱ्याला. रात्री-बेरात्री कुणीतरी बोलवायला यायचं, अमुक ठिकाणी गाडी बंद पडलीय म्हणून. अण्णा उठून स्वेटर चढवायचे, आई न बोलता चहा टाकायची. सकाळी मी शाळेत जायच्या वेळेला ते परत यायचे, हाताला डिझेलचा वास, डोळे लाल. आई विचारायची, "झालं का?" आणि अण्णा म्हणायचे, "नाही झाली चालू. टोचन करून आणली."

टोचन. मला वाटायचं हे 'टोचणे'पासून आलंय. बैलाच्या नाकात वेसण टोचतात तसा बसच्या नाकात आकडा टोचायचा आणि तिला घरी आणायचं. माझ्या डोक्यात तर चित्रही पक्कं होतं, धुक्यातून एक लाल बस मुकाट मान खाली घालून येतेय आणि तिच्या पुढे अण्णा चालतायत, हातात कासरा.

पुढे इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. दुसऱ्या वर्षाला असताना चार मित्र कासला जायचं म्हणून आमच्या घरी मुक्कामाला आले होते. जेवताना अण्णा रंगात येऊन कुठल्याशा घाटातल्या ब्रेकडाउनचा किस्सा सांगत होते. "...मग काय, टोचन लावलं आणि..." आणि मी मध्येच म्हणालो, "अण्णा, टोचन नाही हो. टो-चेन. टो म्हणजे ओढणे आणि चेन म्हणजे साखळी. टो-चेनचं टोचन झालंय."

मित्र हसले. वाईट बुद्धीने नव्हे, जरा मजा वाटली म्हणून. अण्णा म्हणाले, "अस्सं होय?" आणि किस्सा पुढे चालू केला. शेवटी बस डेपोत पोचली तेव्हा ते म्हणाले, "...आणि पहाटे पाचला गाडी ओढून आणली."

ओढून आणली. त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून टोचन हा शब्द ऐकला नाही. निदान माझ्यासमोर तरी. हे माझ्या लक्षात यायला किती वर्षं लागली ते विचारू नका.

आता गेल्या जूनबद्दल. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. अण्णा साताऱ्याला एकटेच राहत होते, वय एकाहत्तर. एप्रिलमध्ये बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं. मी दोन वीकेंड गेलो-आलो आणि ठरवून टाकलं की आता पुरे, पुण्याला आणायचं. 'ठरवून टाकलं' म्हणजे कसं, तर आपण ऑफिसात मायग्रेशन ठरवतो तसं. एक्सेलची शीट केली, काय न्यायचं, काय वाटून टाकायचं, गॅसचं कनेक्शन, बँकेचा पत्ता. अण्णा प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होते. मला वाटलं, किती समजूतदार आहेत!

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी खोक्यांनी भरली आणि निघालो. खंबाटकीचा बोगदा झाला, शिरवळ झालं, सारोळ्याचा नीरेवरचा पूल ओलांडला, आणि चालत्या गाडीचं इंजिन गप्प झालं. धूर नाही, आवाज नाही. कशीबशी कडेला घेतली. चावी फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला.

"परत मारू नकोस," अण्णा म्हणाले. "बेल्ट गेला. टायमिंगचा. आता फिरवलंस तर व्हॉल्व्ह वाकतील, नसतील वाकले तर."

नऊ वर्षांची गाडी. बेल्ट कधी बदलायचा असतो हे मला माहीत नव्हतं. मी मोबाईल काढून रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला. त्यांचं म्हणणं, दोन ते अडीच तास लागतील. वर पाऊस भरून आलेला. तेवढ्यात एक छोटा टेम्पो पुढे जाऊन थांबला. भाजीची रिकामी क्रेट घेऊन परत चाललेला एक पोरगा, विशी-बाविशीचा. खाली उतरून आला, बॉनेटकडे बघितलं, आणि मला नाही, अण्णांना म्हणाला,

"बाबा, टोचन करू की. कापूरहोळला गॅरेज हाय. दोर हाय माझ्याकडं."

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाले, "करू टोचन. पण दोर दाखव आधी."

पुढची वीस मिनिटं मी माझ्या वडिलांना कामावर बघितलं. लहानपणी डेपोत डबा द्यायला जायचो तेव्हा बघितलं असेल, त्यानंतर पहिल्यांदाच. प्लास्टर निघालेला तो हात अजून नीट वळत नव्हता, पण तोंड चालू होतं. "हुक कुठाय हुक?" मला माहीतच नव्हतं की गाडीला हुक असतो. अण्णांनी डिकीतली खोकी मला उतरवायला लावली, स्टेपनीच्या कप्प्यातून एक लोखंडी कडं काढलं, पुढच्या बंपरवरचं एक चौकोनी झाकण नखाने उचकटलं आणि मला म्हणाले, "पिळ. उलट्या आट्याचं आहे, डावीकडे पिळ." नऊ वर्षं मी ती गाडी चालवत होतो. ते झाकण मला डिझाइन वाटायचं.

दोर लांब होता, तो त्यांनी दुहेरी करवला. "पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नाही ठेवायचं." मग एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, माझ्याकडून मार्कर घेतला (खोक्यांवर नावं टाकायला मीच आणला होता) आणि पांढऱ्या बाजूवर काही लिहायला लागले. "मागे बोर्ड लागतो. तीन इंची अक्षरं."

नंतर घरी येऊन मी शोधलं. रस्त्याच्या नियमांचे रेग्युलेशन्स १९८९ साली आले होते, २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्या १९८९ च्या नियमांत हे सगळं होतं! दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस स्टिअरिंगवर हवा, किंवा तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोर इतरांना सहज दिसेल अशी सोय हवी. मागे पांढऱ्यावर काळ्या, निदान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत 'ऑन टो' लिहायचं. वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. ७५ मिलिमीटर म्हणजे तीन इंच. अण्णांना निवृत्त होऊनही तेव्हा एक तप उलटलं होतं.

फक्त अण्णांनी 'ऑन टो' नाही लिहिलं. त्यांनी लिहिलं 'टोचन'. मोठ्ठं, एस्टीच्या पाटीसारख्या वळणाचं. लिहून झाल्यावर पुठ्ठा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "बरोबर आहे."

दोर दिसायला त्यावर लाल फडकं हवं होतं. ते मिळालं देवांच्या खोक्यात. आईचे देव आम्ही लाल कापडात गुंडाळून ठेवले होते. अण्णांनी कापड सोडलं, दोराच्या मधोमध बांधलं, आणि उघडे पडलेले देव स्टीलच्या डब्यात घालून डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. स्टिअरिंगवर मी.

आणि इथे मला तो शब्द खरा कळला. माझी आपली समजूत, की ओढून नेतायत म्हणजे आपण आता नुसतं बसायचं. लगेज. अजिबात नाही! इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो. दोन-तीनदा पेडल दाबलं की त्यानंतर ते दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड. चावी ऑन ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आणि सगळं लक्ष दोरावर.

"टेम्पोकडे बघू नकोस, दोराकडे बघ. झोल पडता कामा नये."

झोल पडला की पुढे काय होतं ते दोन मिनिटांत कळलं. टेम्पो जरा हळू झाला, आमची गाडी पुढे सरकली, दोर सैल होऊन रस्त्याला लागला, पोराने पुन्हा गिअर टाकला आणि असा हिसका बसला की डब्यातले देव खणखणले. दोर तुटतो तो अशा हिसक्याने, ओझ्याने नाही.

"ओढायचं काम त्याचं, थांबायचं काम आपलं," अण्णा म्हणाले. "त्याने ब्रेक मारायच्या आत आपण हळूच मारायचा. दोन्ही गाड्यांचा ब्रेक आपल्याकडे आहे असं समज."

मग जमत गेलं. हॅझर्ड चालू, डावी कडा धरून, ताशी वीसच्या आसपास. शेजारून ट्रक भोंगे वाजवत जात होते. पाऊस सुरू झाला. लाल फडकं भिजून दोराला चिकटलं. मी बघितलं तर अण्णांचा डावा पाय समोरच्या मॅटवर दाबलेला, माझ्याबरोबर तेही ब्रेक मारत होते.

बऱ्याच वेळाने, दोरावरची नजर न काढता, ते म्हणाले, "साताऱ्याच्या घराची किल्ली कुणाकडे दिलीस?"

"माझ्याकडे आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

थोडं अंतर गेलं. "मी किती दिवसांसाठी येतोय रे?"

माझ्या एक्सेल शीटमध्ये हा कॉलम नव्हता. मी काहीतरी बोललो. मनगट, पावसाळा, नातवाला बरं वाटेल. ते ऐकून घेत होते. त्यांचं सगळं "बरं" म्हणणं मला आठवलं, आणि पानावरचं ते "अस्सं होय?"सुद्धा. तोच आवाज होता. मी तो दोन महिने ऐकत होतो आणि होकार समजत होतो.

"ब्रेक," अण्णा म्हणाले. टेम्पोचे लाल दिवे लागायच्या आत मी पेडल दाबलं. दोर ताठ राहिला.

कापूरहोळला गाडी गॅरेजला लावली. पोराने पैसे घेतले नाहीत, अण्णांनी त्याच्या खिशात कोंबले. त्यांनी दोर सोडवून, पिळून, व्यवस्थित वेटोळं करून त्याला परत दिला. मी पाकिटातून एक किल्ली काढून अण्णांना दिली. काही न बोलता त्यांनी ती चष्म्याच्या घरात ठेवली.

सोमवारी ऑफिसला मेल लिहायला बसलो. आमची क्लायंट टीम इंग्लंडमध्ये आहे, त्यांच्यासारखं सफाईदार इंग्रजी लिहायची मला हौस. लिहिलं की हा आठवडा घरून काम करीन, कालच साताऱ्याहून परत आलो, 'विथ माय फादर इन टो'. वाक्य झकास जमलं होतं. सेंडवर बोट गेलं आणि थांबलं.

'इन टो'चा अर्थ डिक्शनरीत साधा आहे, सोबत किंवा मागोमाग घेऊन. जहाजांच्या बाबतीत तर शब्दशः, दोराने मागे बांधलेलं. पण माणसांबद्दल हा प्रयोग कसा होतो ते बघा. कुणी मॉलमध्ये येतो, तीन मुलं इन टो. नटी विमानतळावर उतरते, सेक्रेटरी आणि बॅगा इन टो. पुढचा माणूस वाक्याचा कर्ता, मागच्यांना कुणी विचारलेलं नसतं. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, लटांबर. "आला आपलं लटांबर घेऊन." हाच अर्थ प्रेमाने सांगायचा तर मराठी दुसरा शब्दप्रयोग वापरते, बोटाला धरून. इंग्रजी बिचारी दोन्हीकडे 'इन टो'च म्हणते आणि आपण टोनवरून ओळखायचं. मी मेलमध्ये यातलं काय लिहिलं होतं ते मला नीट माहीत होतं.

मेल तशीच ठेवून शब्दाच्या मागे लागलो (कामाच्या वेळात, हो). टो हा जुन्या इंग्रजीतल्या 'तोगियन' या ओढण्याच्या क्रियापदातून आला. टग त्याचा सख्खा भाऊ. लांबची नाती आणखी मजेदार आहेत, कारण लॅटिनमधलं 'दूकेरे', म्हणजे नेणे, पुढे चालवणे, हे त्याच मुळाचं. त्यातून ड्यूक आला आणि एज्युकेशनही आलं. आणि आपला रोजचा 'टीम' हा शब्दही याच घराण्यातला! जुना अर्थ एक तर पिल्लावळ, नाहीतर एकत्र जुंपलेली ओढकाम करणारी जनावरं. स्प्रिंट प्लॅनिंगला बसताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

जाता जाता, 'टो द लाइन' म्हणजे मुकाट नियम पाळणे. यातला टो मात्र पायाच्या बोटाचा आहे, रेघेवर बोटं टेकवून उभं राहायचं. पुष्कळ लोक तिथे दोर ओढणारा टो लिहितात. १९४६ साली जॉर्ज ऑर्वेलने इंग्रजी भाषा आणि राजकारणावरच्या त्याच्या निबंधात नेमकी हीच चूक दाखवली होती, अर्थ न बघता ठोकून दिलेल्या शब्दप्रयोगांचा नमुना म्हणून. मी कुणाच्या पंगतीत बसलो ते बघा.

आणि अण्णांच्या 'टोचन'ला मी त्या वेळी चुकीचं ठरवलं होतं, त्याचं काय? टो-चेनचा अपभ्रंश असेल, आहेच. पण टो-चेन म्हणजे नुसती साखळी, एक वस्तू. टोचन हे काम आहे. त्यात साखळी नसली, नायलॉनचा दोर असला तरी चालतं. ते करता येतं, लावता येतं, सोडता येतं. अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगा गावात टो-ट्रकचं एक म्युझियम आहे, कारण अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याने १९१६ साली आपल्या मोटारीवर साखळी, कप्पी आणि खांब बसवून पहिला टो-ट्रक तिथे तयार केला. अण्णांना फोटो दाखवले. त्यांनी झूम करून फक्त हुक बघितला आणि म्हणाले, "चांगलाय."

मेलमधलं ते वाक्य मी काढून टाकलं. घरून काम करतोय, एवढंच लिहिलं.

अण्णा आता महिन्यातून आठवडाभर साताऱ्याला असतात. एस्टीने जातात, ज्येष्ठांच्या सवलतीत, आणि पोचल्यावर गाडीच्या क्लचवर शेरा मारणारा फोन करतात. मला काळजी वाटते. बाथरूममध्ये बार बसवलेत, शेजारच्या काकू सकाळी हाक मारतात, तरी वाटते. त्यावर आमचे वाद होतात, आणि ते आता "बरं" म्हणत नाहीत. तो पुठ्ठा माळ्यावर आहे. बायको टाकायला निघाली होती, मी राहू दे म्हटलं. डिकीत एक पाच मीटरचा दोर आलाय, तो अण्णांनी बाजारातून आणला, माझ्या पैशाने.

हे लिहितोय तोवर अण्णा वर आलेत. सी विंगमधल्या कुणाची तरी गाडी बेसमेंटच्या रॅम्पखाली बंद पडलीय आणि वॉचमनला त्यांनी सांगूनही टाकलंय की आमच्याकडे दोर आहे. चप्पल न काढता दारातच उभे आहेत. मागच्या गाडीत ब्रेकवर बसायला माणूस हवाय म्हणतात. चहा तसाच राहिला. जातो.